सांगोला विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातलं. वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यामुळे प्रत्येक निवडणुकीला त्यांची ड्यूटी ठरलेली. घरी आले की ते एका शंभर पानी वहीत निकाल उतरवून ठेवायचे. ती वही आता माझ्याकडे आहे. निवडणूक जवळ आली की पुण्या-मुंबईतले नातेवाईक, ओळखीचे पत्रकार, कॉलेजची पोरं मला तेच ते प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढलं.

या मतदारसंघात नेमका कोणता भाग येतो?

संपूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ. 2008 च्या पुनर्रचनेनंतरची ही हद्द असून मतदारसंघाचा क्रमांक 253 आहे. आधीच्या निवडणुका वेगळ्या हद्दीत झाल्या. त्यामुळे 1985 आणि 2014 ची मतं शेजारी मांडून कुणी निष्कर्ष काढत असेल तर जरा थांबायला सांगा. विधानसभेच्या एकूण जागाही बदलत गेल्या: 1962 मध्ये 264, 1967 मध्ये 270 आणि 1978 पासून 288.

सांगोला की सांगोले?

निवडणूक आयोगाच्या कागदांवर ‘सांगोले’ सापडेल. आमच्याकडे कुणी तसं म्हणत नाही. आम्ही सांगोल्याला जातो, सांगोल्याचा बाजार करतो. पण जुने निकाल शोधताना दोन्ही नावं टाकून बघा, नाहीतर अर्धे सापडणारच नाहीत.

आतापर्यंत कोण कोण निवडून आलं?

मी 1962 पासून मोजते, कारण महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ती पहिली विधानसभा निवडणूक. 1962 आणि 1967 मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख जिंकले. 1972 ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील आले. 1974 च्या पोटनिवडणुकीत गणपतराव परतले आणि 1978, 1980, 1985, 1990 असे सलग जिंकत गेले. 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं. पुढे 1999, 2004, 2009, 2014 पुन्हा गणपतराव. 2019 मध्ये शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. 2024 मध्ये शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, म्हणजे गणपतरावांचे नातू.

साठ वर्षांवरचा इतिहास आणि आमदारांची नावं चारच. बाहेरच्या माणसाला इथंच वाटतं की या तालुक्यात निवडणूक म्हणजे नुसता उपचार असणार. पुढची उत्तरं वाचाल तर तसं वाटणार नाही.

गणपतराव नक्की किती वेळा निवडून आले? कुणी दहा सांगतं, कुणी बारा.

अकरा. बोटं मोजा: 1962, 1967, 1974, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009, 2014. गोंधळ होतो तो 1974 मुळे. ती पोटनिवडणूक होती, त्यामुळे सार्वत्रिक निवडणुकांचे तक्ते बघणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते आणि आकडा दहावर येतो. बारा सांगणारे 1972 किंवा 1995 चा पराभव विसरतात. शिवाय ‘सलग पन्नास वर्षं आमदार’ असंही छापून येतं, तेही चूक. मध्ये दोन खंड आहेत, आणि माझ्या मते या मतदारसंघाची खरी गोष्ट त्या दोन खंडांतच आहे.

एवढा मोठा माणूस, मग दोनदा पडला कसा?

1972 समजायला फार अवघड नाही. बांगलादेश युद्धानंतरची निवडणूक, इंदिरा गांधींची लाट, आणि महाराष्ट्रात काँग्रेसला 270 पैकी 222 जागा. राज्यभर विरोधी पक्ष झोपले. तशा हवेत सांगोल्याची जागा गेली यात नवल नाही. नवल पुढचं आहे. त्याच सुमाराला दुष्काळ पडला. माणदेशात त्या दुष्काळाच्या आठवणी अजून काढतात: खडी फोडायची कामं, सुकडी (त्या कामांवर वाटायचे तो कोरडा खाऊ), जनावरं सोडून दिलेली घरं. माझी आजी सुकडीचं नाव निघालं की जेवता जेवता थांबायची. त्यानंतर दोनच वर्षांत, 1974 ला पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी गणपतरावांना परत आणलं. काँग्रेसचं बळ राज्यात तेव्हाही भक्कम होतं, तरीही.

1995 चा पराभव वेगळा. त्या वर्षी राज्यात काँग्रेस 80 जागांवर घसरली आणि युतीचं सरकार आलं. म्हणजे काँग्रेस सगळीकडे हरत असताना सांगोल्यात मात्र काँग्रेसचा तरुण उमेदवार जिंकला. राज्याची हवा एकीकडे, तालुका दुसरीकडे. ही लाटेची निवडणूक नव्हती, तालुक्यातली सरळ लढत होती.

तो पराभव खरोखर 192 मतांनी झाला होता का?

हो, 192. वडिलांच्या वहीत त्या आकड्याभोवती लाल शाईचं वर्तुळ आहे, आणि ते एकदा नाही, तीनदा गिरवलेलं आहे. संपूर्ण वहीत दुसऱ्या कुठल्याच आकड्याला असं वर्तुळ नाही.

192 चा अर्थ असा: 97 माणसांनी आपलं मत इकडचं तिकडे दिलं असतं तर निकाल फिरला असता. 97 माणसं म्हणजे आमच्याकडच्या लग्नातल्या दोन पंगती. आणि तेव्हा मतदान कागदी मतपत्रिकेवर होतं. शिक्का रेघेवर पडला, घडी घालताना शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली, की मतपत्रिकेवरून वाद. वडील सांगायचे, एकेक मतपत्रिका उजेडाकडे धरून बघितली जायची आणि दोन्हीकडचे प्रतिनिधी श्वास रोखून उभे असायचे. मतपत्रिका वापरलेली माणसं आता आजी-आजोबा झालीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

शेतकरी कामगार पक्ष राज्यात आटला, मग सांगोल्यातच कसा टिकला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि एका ओळीत उत्तर मागणाऱ्यांची मी निराशा करते.

शेकाप 1947 चा. केशवराव जेधे, शंकरराव मोरे अशा काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या मंडळींचा. 1962 मध्ये राज्यात त्याचे 15 आमदार होते. 2014 मध्ये तीन उरले: अलिबाग, पेण आणि सांगोला. 2024 मध्ये एक, तो सांगोल्याचा. रायगडमध्ये पक्षाची मुळं वेगळी, तिथला शेतकरी भातवाला, खाडीकाठचा. सांगोला हा माणदेश. पाऊस कमी, जमीन हलकी, माण नदी वर्षातले बरेच महिने कोरडी. इथं शेतकऱ्याचा पक्ष म्हणजे पाण्याचा पक्ष.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिली करायला सांगोल्यात आले आणि इथलेच झाले. त्यांचं राजकारण साखर कारखान्याच्या जोरावर उभं नव्हतं, जसं आजूबाजूच्या बऱ्याच तालुक्यांत होतं. त्यांनी सूतगिरणी उभी केली. आणि 1993 पासून आटपाडीची पाणी परिषद. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी मिळून तेरा दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून चळवळ बांधली. मागणी फक्त ‘पाणी द्या’ एवढी नव्हती. पाण्याचं समन्यायी वाटप व्हावं, वरच्या गावानं सगळं अडवू नये, हा आग्रह होता. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत माणदेशात आणायचं, ही योजना कागदावर बघितली तर अशक्यच वाटते. मोर्चे, परिषदा, ठिय्या, वर्षानुवर्षं. ज्या गावच्या ओढ्याला पहिल्यांदा योजनेचं पाणी येतं तिथं बायका हळदीकुंकू वाहतात, नारळ फोडतात. असं पाणीपूजन मी डोळ्यांनी पाहिलंय. नव्वदीच्या एक आजी त्या पाण्यात पाय घालून नुसत्या बसून राहिल्या होत्या, उठायलाच तयार नव्हत्या.

त्या आजींनी कुणाला मत दिलं असेल ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पण पक्ष टिकण्याचं कारण शोधायचं तर मी तिथं शोधते. जोडीला एसटीनं फिरणारा, विधानसभेत तयारी करून बोलणारा आमदार, ही त्यांची ओळख होतीच. पुढाऱ्यांच्या गाड्यांचा ताफा बघायची सवय लागलेल्या पिढीला ते खोटं वाटतं. खोटं नाही.

मग डाळिंबाचा निवडणुकीशी काही संबंध आहे का?

आहे, पण सरळ नाही. कमी पाण्यावर येणारं पीक म्हणून डाळिंब इथं रुजलं आणि अजनाळ्यासारख्या गावांची नावं बाहेर पोचली. हातात पैसा आला तसा मतदारही बदलला. दुष्काळी कामावर जाणाऱ्या बापाचा मुलगा आता ठिबकच्या नळ्या, निर्यात आणि तेल्या रोगावर बोलतो. त्याचे आमदाराला विचारायचे प्रश्न वेगळे झालेत.

गणपतराव देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार आहेत का?

महाराष्ट्रात हो. देशात नाही. तमिळनाडूचे एम. करुणानिधी 1957 ते 2016 या काळात तेरा वेळा निवडून आले, वेगवेगळ्या मतदारसंघांतून. केरळचे के. एम. मणी 1965 पासून तेरा वेळा जिंकले आणि तेही एकट्या पाला मतदारसंघातून. आपल्या माणसाचा अभिमान जरूर असावा, पण चुकीचा विक्रम सांगितला की समोरचा खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाही. अकरा वेळा, एकच मतदारसंघ, एकच पक्ष. हे जसं आहे तसं सांगितलं तरी पुरेसं मोठं आहे.

ते मंत्री कधी होते?

दोनदा. 1978 मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, आणि 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दुसऱ्या वेळी त्यांच्याकडे रोजगार हमीचं खातं होतं. दुष्काळी कामं पाहिलेल्या तालुक्याच्या आमदाराकडे ते खातं असणं मला फार योग्य वाटतं. 2002 मध्ये शेकापनं त्या सरकारचा पाठिंबा काढला. त्याआधी 1977-78 मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. अकरा वेळा निवडून येऊनही बहुतेक काळ ते विरोधी बाकांवरच बसले, हे लोकांच्या लक्षात राहत नाही.

2019 मध्ये काय झालं?

वयामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. शेकापनं त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली. समोर शिवसेनेचे शहाजीबापू पाटील. 21 ऑक्टोबरला मतदान, 24 ला मोजणी. शहाजीबापूंना 99,464 मतं, अनिकेत यांना 98,696. फरक 768.

त्या दिवशी मी पुण्यात होते आणि भाऊ सांगोल्यात. दर फेरीला त्याचा फोन. कधी इकडचं लीड, कधी तिकडचं. शेवटी तो म्हणाला, “ताई, आता मी फोन करत नाही, निकाल लागला की करतो.” केला तेव्हा पहिली दोन मिनिटं तो काही बोललाच नाही.

दोघांना मिळून जवळपास दोन लाख मतं, आणि 385 माणसांनी बाजू बदलली असती तर निकाल फिरला असता. एसटीच्या आठ-नऊ गाड्या भरतील एवढी माणसं. ‘माझ्या एका मतानं काय होतंय’ असं म्हणणाऱ्याला मी वाद घालत नाही. 192 आणि 768 हे दोन आकडे सांगते.

शहाजीबापूंच्या बाजूनंही ही निवडणूक बघायला हवी. नव्वदच्या दशकापासून ते याच मतदारसंघात लढत होते. 1995 ला जिंकले, मग 1999 पासून वीस वर्षं विधानसभेबाहेर. 2014 ला 69,150 मतं घेऊन 25,224 मतांनी पडले. एवढ्या मोठ्या फरकानं पडलेला माणूस पाच वर्षं पुन्हा गावोगाव फिरतो, दहाव्याला, बारशाला, जत्रेला हजर राहतो आणि निवडून येतो. त्यांच्या राजकारणाशी मी सहमत असो वा नसो, ती चिकाटी मानायलाच लागते.

‘काय झाडी, काय डोंगार’वाले आमदार ते हेच का?

हेच. जून 2022 मध्ये एकनाथ शिंद्यांबरोबर जे आमदार गुवाहाटीला गेले त्यांत शहाजीबापू होते. तिथून कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना त्यांनी झाडी, डोंगर आणि हॉटेलाचं वर्णन केलं, ते रेकॉर्डिंग बाहेर आलं आणि महाराष्ट्रभर पोचलं. बाहेरच्या लोकांना त्यात माणदेशी बोलीची गंमत दिसली. मला मात्र वाईट याचं वाटतं की त्या एका वाक्यानंतर सांगोल्याचं नाव काढलं की लोक हसायला लागले, आणि त्यांना टेंभूबद्दल, पाणी परिषदेबद्दल सांगायला गेलं की कुणी ऐकेना.

2024 चा निकाल कसा वाचायचा?

20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल. डॉ. बाबासाहेब देशमुख 1,16,256, शहाजीबापू पाटील 90,870. फरक 25,386. तिसऱ्या क्रमांकावर शिवसेनेच्या ठाकरे गटाचे दीपक साळुंखे, त्यांना पन्नास हजारांच्या आसपास मतं. शेकाप महाविकास आघाडीच्या जवळचा असूनही ठाकरे गटानं इथं स्वतःचा उमेदवार दिला, त्यामुळे लढत तिरंगी झाली. राज्यात महायुतीची प्रचंड लाट होती, आणि सांगोला पुन्हा एकदा राज्याच्या उलट दिशेला गेला, 1995 सारखाच.

आता सगळे करतात ती बेरीज. शहाजीबापू अधिक साळुंखे म्हणजे एक लाख चाळीस हजारांच्या पुढे, म्हणजे बाबासाहेबांपेक्षा जास्त, म्हणजे मतविभागणीमुळे शेकाप जिंकला. 2019 मध्ये साळुंखे शहाजीबापूंच्या बाजूनं होते हे खरं, त्यामुळे ही बेरीज अगदीच हवेतली नाही. पण ती अर्धीच आहे. साळुंखेंना मिळालेलं मत शहाजीबापूंच्याच खिशातून गेलं असं धरलं, तर शहाजीबापूंची मतं कितीतरी जास्त घटायला हवी होती. ती घटली 8,594 नं. उलट शेकापची 2019 च्या तुलनेत 17,560 नं वाढली. तिसरा उमेदवार असूनही वाढली. म्हणजे नवं मतदान, परत आलेली मतं, इकडून तिकडे गेलेली मतं, हे सगळं एकाच वेळी घडलं. नुसत्या बेरजेतून ते दिसत नाही, त्याला गावनिहाय आकडे बघावे लागतात.

सगळं जातीचं गणित आहे असं म्हणतात, ते खरं का?

जात नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. तालुक्यात धनगर आणि मराठा दोन्ही समाज मोठे आहेत, गणपतराव धनगर समाजातले होते, आणि प्रत्येक पक्ष यादी करताना हे बघतोच. पण 2014 ला 25 हजारांनी जिंकलेला पक्ष 2019 ला 768 नं हरतो आणि 2024 ला पुन्हा 25 हजारांनी जिंकतो. तालुक्यातल्या जातींची संख्या दर पाच वर्षांनी अशी खालीवर होत नाही. बदलतात ती माणसं, युत्या, उमेदवार आणि पाण्याची पाळी.

सांगोला कोणत्या लोकसभा मतदारसंघात येतो?

2009 पासून माढा. करमाळा, माढा, माळशिरस, फलटण आणि माण हे बाकीचे पाच. 2009 ला इथून शरद पवार, 2014 ला विजयसिंह मोहिते-पाटील, 2019 ला रणजितसिंह नाईक-निंबाळकर आणि 2024 ला धैर्यशील मोहिते-पाटील निवडून आले. सांगोल्याचा मतदार लोकसभेला आणि विधानसभेला वेगवेगळा विचार करतो, त्यामुळे एकाचा अंदाज दुसऱ्यावरून बांधू नका.

गणपतरावांचं निधन कधी झालं?

30 जुलै 2021, सोलापुरात, वयाच्या 94 व्या वर्षी. 2024 ची विधानसभा निवडणूक त्यांच्या माघारी झालेली पहिली. ‘आबासाहेब’ हे त्यांचं लोकांच्या तोंडचं नाव मात्र त्या प्रचारात दोन्ही-तिन्ही बाजूंच्या सभांत ऐकू येत होतं.

माझ्या गावचे आकडे कुठे मिळतील?

प्रत्येक निवडणुकीनंतर निवडणूक निर्णय अधिकारी ‘फॉर्म 20’ तयार करतात. त्यात केंद्रनिहाय, उमेदवारनिहाय मतं असतात. अलीकडच्या निवडणुकांचे फॉर्म राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. जुन्या निवडणुकांसाठी आयोगाचे सांख्यिकी अहवाल बघा, तिथं मतदारसंघाची एकूण मतं मिळतील, गावाची नाही. फॉर्म 20 वाचताना गावाचं नाव नसतं, केंद्राचा क्रमांक असतो, म्हणून त्याच वर्षीची केंद्रांची यादी शेजारी ठेवा. क्रमांक दर निवडणुकीला बदलू शकतात. 2019 चा क्रमांक 2024 ला लावून एका ओळखीच्या मुलानं दोन गावांची भांडणं लावली होती.

आमच्या घरात जुन्या निवडणुकांची पत्रकं आहेत, त्यांचं काय करू?

टाकू नका, एवढीच हात जोडून विनंती. खटारा चिन्हाचं पत्रक, जुनी मतदार यादी, सभेचा फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण, काहीही असो. लॅमिनेशन करू नका, त्यानं जुना कागद आतून पिवळा पडतो आणि परत सोडवता येत नाही. उजेडात सपाट ठेवून मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. घरातलं मोठं माणूस असेतोवर त्यांना विचारून मागे पेन्सिलनं साल आणि गाव लिहा, पेननं नको. वडिलांच्या वहीत 1978 च्या पानावर पोलिंग पार्टीतल्या पाच जणांची नावं आहेत, आणि त्यांतला एकही कोण होता हे आता मला सांगणारं कुणी नाही.